पोळी कमी, पण किती दिवस?



हल्ली पालकसभेत चहा देताना विचारावे लागते, साखरेचा की बिनसाखरेचा? पूर्वी हा प्रश्न आजी-आजोबांपुरता होता. आता चाळिशीच्या आतले वडीलही कपावर हात आडवा धरतात. वजन वाढलेले असते, शुगर ‘बॉर्डर’वर असते, डॉक्टरांनी भात-पोळी कमी करायला सांगितलेले असते. कोणी पोळी पूर्ण सोडल्याचे अभिमानाने सांगतात आणि दोन महिन्यांनी भेटतात तेव्हा विषय टाळतात. इकडे नववी-दहावीच्या काही मुली डब्यातली पोळी तशीच घरी नेतात, हे आमच्या शिक्षिकांच्या लक्षात आले आहे. म्हणून या अंकाच्या अभ्यास-पानावर आम्ही हा विषय घेत आहोत.

आधी शब्द समजून घेऊ. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, तेव्हा पुस्तकात ‘कार्बोज’ असे. मराठीत कर्बोदके म्हणतात आणि दवाखान्यात सगळेच ‘कार्ब’ म्हणतात. गहू, तांदूळ, ज्वारी, मका, बटाटा, साबुदाणा यांतला स्टार्च आणि साखर-गूळ हे त्याचे मुख्य प्रकार. एक ग्रॅम कर्बोदकातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनातूनही ४ आणि एक ग्रॅम स्निग्धातून ९. पचनानंतर कर्बोदकांचे ग्लुकोज होते, ते रक्तात येते आणि स्वादुपिंडातून सुटणारे इन्सुलिन त्याला पेशींत पोहोचवते. इन्सुलिन चढलेले असते तोवर शरीर साठवणुकीच्या कामात असते, चरबी बाहेर काढण्याच्या नाही. कमी कर्बोदकांच्या आहाराचा विचार इथूनच निघाला.

आता आपल्या इंदुरी घरातल्या एका साध्या दिवसाचा हिशोब मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण गणितापुरते बरोबर आहेत. सकाळी एक बशी पोहे, म्हणजे ४० ग्रॅम कर्बोदके (वरची सेंव आणि शेजारची जिलबी आम्ही धरलेली नाही, धरली तर लेख इथेच संपेल). दिवसभरात चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आणखी ४० ग्रॅम. दोन वेळच्या मिळून सहा पोळ्या, एका पोळीत २० ग्रॅम, म्हणजे १२०. एक मोठी वाटी भात ४०, दोन वाट्या वरण ३०, बटाट्याची भाजी २०. बेरीज झाली २९० ग्रॅम, म्हणजे ११६० कॅलरी. दिवसाचे एकूण खाणे २००० कॅलरींचे धरले तर त्यातला ५८ टक्के भाग एकट्या कर्बोदकांचा. आपण काही वेगळे खातो असे नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे आढळले. त्याच पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

‘लो-कार्ब’ म्हणताना साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या खालचा आहार धरतात. कडक प्रकारात, ज्याला कीटो म्हणतात, ५० ग्रॅमच्याही खाली जातात. वरच्या हिशोबाशी ताडून पाहा. ५० ग्रॅम म्हणजे दोन पोळ्या आणि दोन चमचे साखर, की दिवसाचा कोटा संपला!

ही कल्पना आजची नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्यांचा व्यवसाय. १८६२ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, साडेपाच फुटांहून थोड्या कमी उंचीच्या या गृहस्थांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे, जिना उलटे होऊन उतरावा लागे. नदीवर होडी वल्हवण्याचा व्यायाम करून पाहिला, तर भूकच वाढली. शेवटी कानाचे डॉक्टर विल्यम हार्वी यांनी त्यांची पाव, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरले. बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्वखर्चाने पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. बँटिंग पुढे ८१ वर्षे जगले. पण ते मासे-मांस खाणारे सुखवस्तू इंग्रज होते. पाव काढला तरी त्यांच्या ताटात बरेच काही उरत होते. आपल्या शाकाहारी ताटातून पोळी-भात काढला तर वाटीभर वरण आणि चमचाभर भाजी उरते. मग अकरा वाजता भूक लागते आणि माणूस फरसाणाच्या डब्याकडे वळतो. पथ्य मोडते ते बहुधा इथे. मनाचा कमकुवतपणा म्हणून आपण स्वतःला दोष देतो, पण कमतरता ताटात असते.

वजनकाट्याचीही एक गंमत समजून घ्यायला हवी, कारण तिच्यापायी कितीतरी लोक पथ्य सोडतात. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, एकूण अर्ध्या किलोच्या आसपास. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके एकदम तोडली की हा साठा रिकामा होतो आणि पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून जो आनंद होतो, तो बराचसा या पाण्याचा. पुढच्या आठवड्यात काटा हलत नाही, तेव्हा वाटते की उपाय चालेनासा झाला. मग एखादे लग्न येते. श्रीखंड-पुरी होते, दोन दिवसांत दीड किलो परत येते आणि माणूस म्हणतो, सगळी मेहनत पाण्यात गेली. खरे तर पाणीच परत आलेले असते. दोन दिवसांत दीड किलो चरबी चढत नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, तेवढे जादा खायला लग्नाच्या पंगतीतही दमछाक होईल. म्हणून रोज काट्यावर उभे राहू नये. आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी वजन करावे आणि महिन्याचा कल पाहावा. त्यासोबत कंबर मोजावी. भारतीयांसाठी पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते.

टिकण्याविषयी संशोधन काय सांगते? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६०९ माणसे होती. निम्म्यांनी कर्बोदके कमी केली, निम्म्यांनी तेल-तूप. वर्षाअखेर पहिल्या गटाचे सरासरी ६ किलो आणि दुसऱ्याचे ५.३ किलो कमी झाले. शास्त्रीय दृष्टीने हा फरक नगण्य ठरला. दोन्ही गटांत काहींचे वीस किलोहून अधिक उतरले, तर काहींचे उलट वाढले. आमच्या मते यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कर्बोदके कमी करणाऱ्यांना सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅमपर्यंत उतरायला सांगितले होते. नंतर प्रत्येकाने हळूहळू वाढवत, जन्मभर निभावेल असे वाटेल तिथे थांबायचे होते. वर्षाच्या शेवटी हा गट सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास स्थिरावला, वीसवर नाही. आणि तिथे मांस, मासे, अंडी यांची वाण नव्हती.

आपल्या घरात निभावेल असा आकडा कोणता? वरच्या २९० ग्रॅममधून चहातली साखर पूर्ण काढा (४० ग्रॅम) आणि एक पोळी कमी करा (२० ग्रॅम). उरले २३०. रोज २४० कॅलरी कमी झाल्या. आता एकूण १७६० कॅलरींत कर्बोदकांचा वाटा ५२ टक्के येतो. २०२२ साली इंडियाबच्या माहितीवरून शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तेव्हा मधुमेह आवरण्यासाठी आणि टाळण्यासाठी सुचवलेले प्रमाण ढोबळपणे ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपासचेच होते, अर्थात प्रथिने वाढवून. या वेगाने सुरुवातीला महिन्याला साधारण एक किलो उतरेल, पुढे वेग मंदावेल. पुष्कळांना हे फारच थोडे वाटते. पण तीन आठवड्यांत चार किलो घालवून पाचव्या आठवड्यात पाच किलो परत आणणाऱ्यांपेक्षा ते पुढेच राहतील.

प्रथिनांचे काय करायचे? जुन्या पंगतीत ताटाच्या डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी वाढत. ही डावी बाजू आज बोटभर उरली आहे. ती वाढवावी. दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, दही, मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, मेथीचा झुणका, गिलकी, दुधी, गवार, कोबी. भाजीची वाटी दुप्पट, वरण घट्ट, पोळी शेवटी. आधी भाजी-वरण आणि मग पोळी-भात असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची रक्तशर्करा तुलनेने कमी चढते, असेही अभ्यासांत दिसले आहे. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे चालेल. पोहेच हवे असतील तर अर्धी बशी पोहे आणि वाटीभर उसळ. इंदूरकराला पोहे सोडायला सांगण्याइतके आम्ही निष्ठुर नाही.

दोन-चार गैरसमज झटपट दूर करू. ज्वारीची भाकरी चांगली, पण कर्बोदके गव्हाइतकीच. ‘भाकरी म्हणजे डाएट’ म्हणून चार खाल्ल्या तर उपयोग नाही. बेसन डाळीचे असले तरी सेंव तळलेली असते, १०० ग्रॅमला ५०० कॅलरींच्या वर. गूळ ही साखरच. आणि उपवास? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, सोबत बटाटा आणि वरीचा भात. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांनी उगीच म्हटलेले नाही.

महाराष्ट्रातून आलेली दोनदाच जेवण्याची पद्धत आपल्याकडेही पुष्कळांनी धरली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली ही पद्धत वेळांवर भर देते, पोळी मोजण्यावर नाही. तिची आणि लो-कार्बची सरमिसळ करू नये.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. जे पालक मधुमेहाची गोळी घेतात किंवा इन्सुलिन टोचतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता पोळी-भात तोडू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांची मात्रा तुमच्या नेहमीच्या जेवणावर ठरवलेली असते. जेवण निम्मे झाले आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम, थरथर, चक्कर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. गाडी चालवताना असे झाले तर काय होईल ते सांगायला नको. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कीटोच्या वाटेलाच जाऊ नये. त्यांच्या रक्तात, साखर फारशी वाढलेली नसतानाही, आम्ल साचून गंभीर स्थिती येऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार आणि गरोदरपण यांतही आपल्या मनाने प्रयोग नको.

मुलांसाठी आमचे सांगणे स्पष्ट आहे. वाढत्या वयात लो-कार्ब आहार करायचा नाही. विद्यार्थिनींनो, डब्यातली पोळी परत नेऊ नका. तुमची हाडे आणि रक्त बनण्याचे हे दिवस आहेत. कमी करायचेच असेल तर कोल्ड्रिंक करा, ३०० मिलीच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. वजनाची खरोखर चिंता असेल तर बाईंशी किंवा आईशी बोला, डॉक्टरांना दाखवा.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. पथ्य एकाचे आणि स्वयंपाक दोन प्रकारचा, असे झाले की घरातली बाई दमते आणि महिनाभरात पथ्य बंद पडते. पथ्य करणाऱ्याने निदान भाजी निवडावी, चिरावी. सगळ्यांचीच वाटी बदलली तर वेगळे शिजवावे लागत नाही, खर्चही पनीर-बदामाच्या घरात जात नाही.

नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : घरातली महिन्याच्या किराण्याची यादी मिळवा. गहू, तांदूळ, साखर, गूळ, डाळी, शेंगदाणे आणि तेल किती किलो येते ते लिहा. माणसांच्या संख्येने आणि ३० ने भागून प्रत्येकाच्या वाट्याला रोज किती येते ते काढा. उदाहरणार्थ, चौघांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर येत असेल तर माणशी रोज जवळजवळ ४२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली अधिक चांगली मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची आहे. डाळी आणि शेंगदाणे यांच्या आकड्याखाली रेघ मारा. वही पुढच्या शनिवारपर्यंत विज्ञानाच्या बाईंकडे द्यावी. यादीवर आईची किंवा वडिलांची, जो किराणा आणतो त्याची, सही असावी.