अपघात कुठे झाला, यावर भरपाई ठरते



मंदिराच्या साहाय्य समितीचे काम करताना अपघात झालेल्या घरांत मला दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "आई व्हिजिटर व्हिसावर आली आहे, तिला इथे काय मिळणार?" आणि "देवाने जीव वाचवला, आता पैसे कशाला मागायचे?" या दोन समजुतींपायी हक्काची भरपाई हातची जाते. म्हणून आज थोडे नियम समजून घेऊ.

मुख्य नियम. भरपाई बहुधा अपघात जिथे झाला त्या देशाच्या कायद्याने मोजतात. पासपोर्ट कुठला, याला महत्त्व नसते. एक अपवाद ध्यानात ठेवा: जखमी माणूस आणि चूक करणारा दोघेही कायम इंग्लंडमध्ये राहणारे असतील, तर गोव्यातल्या अपघातालाही इथला कायदा लागू होऊ शकतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये दुसऱ्याची चूक दाखवावी लागते. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षे असते. भरपाईचे दोन भाग असतात: एक वेदना आणि त्रासाचा, दुसरा प्रत्यक्ष खर्चाचा व बुडालेल्या कमाईचा. मानेला हिसका बसण्यासारख्या किरकोळ दुखापतींना २०२१ पासून ठरीव दरपत्रक आहे. गाडी पळून गेली किंवा तिचा विमा नसला, तरी मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे अर्ज करता येतो.

सांगलीहून मुलाकडे आलेल्या एका आजींना झेब्रा क्रॉसिंगवर गाडीने धडक दिली आणि मांडीचे हाड मोडले. एनएचएसच्या आपत्कालीन विभागातले उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात, पण दाखल झाल्यावर बिल लागते. मुलगा ते हप्त्याने भरू लागला होता, आणि सून बिनपगारी रजा घेऊन त्यांचे सगळे करत होती. इथल्या कायद्यात ते बिलही मागता येते आणि घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेचे मोलही धरले जाते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आता सॉलिसिटरमार्फत त्यांचा दावा सुरू आहे.

भारतात रस्ता अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. हिशोबाची रीत वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिले. समजा, वय ४२, वार्षिक उत्पन्न ६ लाख रुपये आणि कायमच्या अपंगत्वामुळे कमाईची ताकद ४० टक्के घटली. वर्षाचे नुकसान २ लाख ४० हजार. त्याला या वयाचा गुणक १४ लावला की ३३ लाख ६० हजार रुपये होतात. पुढील पगारवाढ, औषधपाणी आणि वेदना यांचे पैसे त्याशिवाय. गृहिणीच्या कामाचीही किंमत धरली जाते. मात्र २०२२ पासून अर्जाला सहाच महिन्यांची मुदत आहे. सुट्टीत पुण्याला गेलेले कुटुंब "पुढच्या खेपेला बघू" म्हणत परतले, तर ती मुदत निघून जाते.

न्यूझीलंडची तऱ्हा आणखी निराळी. तिथे १९७४ पासून चूक कोणाची हे न विचारता सरकारी योजनेतून उपचार मिळतात, पाहुण्यांनाही. पण त्याबदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोणावर दावा लावता येत नाही, आणि पाहुण्याचा मायदेशी बुडालेला पगारही मिळत नाही. म्हणून तिकडे जाताना प्रवास विमा काढाच.

देश सोडण्यापूर्वी एवढे हाती घ्या:

१. पोलिसांचा नोंद क्रमांक. भारतात एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत.
२. गाडीचा नंबर, जागेचे फोटो, साक्षीदारांचे फोन.
३. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, प्रत्येक पावती.
४. कोणी किती दिवस रजा घेऊन काळजी घेतली, याची तारखेनिशी वही.

"तुमचा अपघात झाला होता ना?" असे अनोळखी फोन आले तर काही सांगू नका. सॉलिसिटर स्वतः शोधा. "जिंकलो तरच फी" या करारात त्यांचा हिस्सा तुमच्या भरपाईतून जातो. तो किती, हे सहीआधी विचारा. त्याला वेदनेच्या आणि आजवरच्या नुकसानीच्या रकमेच्या २५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे.

राहिला दुसरा प्रश्न. जीव वाचला याबद्दल देवाचे आभार मानावेतच. पण भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे. गेलेले भरून काढणे एवढाच तिचा अर्थ. ती बहुतेक वेळा विमा कंपनी देते. ती न मागितल्यास तो भार मुलाच्या पगारावर आणि सुनेच्या रजेवर पडतो.

दावा निकाली निघायला महिने, कधी वर्षे लागतात. तोवर घरभाडे आणि औषधे थांबत नाहीत. त्यासाठीच आपला साहाय्य निधी आहे. यथाशक्ती देणगी द्यावी. पैसे देणे जमत नसेल, तर इस्पितळात मराठी-इंग्रजी दुभाषा म्हणून किंवा गाडीने ने-आण करायला नाव नोंदवावे. आणि आपल्या ओळखीत कोणाचा अपघात झाला असेल, तर त्यांना हा अंक आजच द्यावा. मुदत कोणासाठी थांबत नाही.