बॉलच्या मागे धावून बॉल मिळत नाही

गेल्या फॉलमध्ये मुलीच्या १० वर्षांखालच्या सॉकर टीमला (सॉकर म्हणजे आपला फुटबॉलच) कोच हवा होता आणि मी हो म्हणून बसले. पहिल्या दोन मॅचेस मी कडेला उभी राहून एकच ओरडत होते, "धावा, बॉल घ्या!" आमची सगळ्यात वेगवान मुलगी नुसती इकडून तिकडे पळत राहिली. दुसऱ्या मॅचनंतर ती गवतावर बसून रडायला लागली. "एवढी पळाले, एकदाही बॉल मिळाला नाही."

चूक माझी होती. घरी येऊन कागदावर आकडे मांडले. या वयाची मुलगी जोरात पळाली तर सेकंदाला साधारण ५ मीटर जाते असं धरू. बऱ्यापैकी मारलेला पास १० मीटर जातो. म्हणजे पासचा पाठलाग करण्यात काही अर्थच नाही.

मग निघायचं कधी? पास वाटेत असताना, पण बॉलच्या मागे नाही, तो ज्या मुलीकडे चाललाय तिच्याकडे. १० मीटरच्या पासला एक सेकंद लागतो. तेवढा वेळ तिची नजर बॉलवर असते आणि आपल्याला ५ मीटर फुकट मिळतात. ग्वार्दिओलाच्या बार्सिलोनाचा बॉल गेल्यावर पहिले पाचेक सेकंद तुटून पडण्याचा नियमही असाच आहे: ज्याने नुकताच बॉल मिळवलाय त्याने अजून मान वर केलेली नसते. तेवढ्यात जमलं नाही तर मागे फिरून जागा धरायच्या.

कुठून जायचं, हे समजवायला मला दिवा सापडला. बॉलच्या जागी दिवा आहे असं समजा. तुमच्या मागे जी सावली पडेल, तिच्यातल्या खेळाडूला सरळ पास मिळत नाही. दिव्याच्या जितकं जवळ जाल, तितकी सावली रुंद. म्हणून सरळ न जाता थोडं वळण घेऊन जायचं, म्हणजे जवळची मुलगी सावलीत येते. उरलेल्या वाटेवर आपली दुसरी मुलगी टपलेली हवी. कबड्डीतली साखळी आठवा.

आणि ब्रेक! ५ मीटरच्या वेगातून एका सेकंदात थांबता येतं असं धरलं, तरी थांबेपर्यंत अडीच मीटर जातात. वेग निम्मा केला की जेमतेम ६० सेंटीमीटर, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. आमची वेगवान मुलगी स्टॉप चुकलेल्या बससारखी दर वेळी पुढे निघून जायची. आता शेवटची दोन-तीन पावलं छोटी, अंग किंचित तिरकं.

अमेरिकेत या वयोगटात गोलकीपरच्या हातात बॉल असला की समोरच्यांना बिल्ड-आउट लाइनच्या मागे थांबावं लागतं. मला आधी ती कटकट वाटायची. पण ती तर आयती स्टार्ट लाइन आहे! बॉल खेळात आला की निघा.

सरावात चार विरुद्ध चार, छोट्या चौकोनात. बॉल गेला की सगळ्यांनी मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं. माझ्या लेकीमुळे आता अख्खी टीम "एक, दोन, तीन" मोजते.

त्यानंतरच्या एका शनिवारी ती मुलगी बरीच कमी पळाली. तीनदा बॉल मिळवला. त्यातला एक तर नुसती योग्य जागी उभी होती म्हणून, पास थेट तिच्या पायातच आला. ती माझ्याकडे बघून इतकी हसली, की बॉल पुढे द्यायचाच राहिला.