जुनी मारुती ८०० : घेताना किंमत, घेतल्यावर खर्च



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरात एक विषय हमखास निघतो. "मोटारसायकलवर चौघांनी किती दिवस बसायचं? एखादी जुनी चारचाकी बघा की." बघायला हरकत नाही. पण बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. गाडी घेताना मात्र रंग बघून व्यवहार उरकतो. मग फिटरच्या दारात फेऱ्या सुरू होतात. म्हणून या वेळी मारुती ८०० चा धडा घेत आहोत.

ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे साधे इंजिन. ओम्नीलाही याच मापाचे इंजिन होते, त्यामुळे हे काम जाणणारे फिटर पुष्कळ आहेत. गाडी वाईट नाही. वय झालेली आहे, एवढे लक्षात ठेवावे.

नेहमी येणारे बिघाड असे :

१) गंज. पायाखालचे मॅटिंग उचलून पत्रा दाबून पाहावा. दाराखालची पट्टीही पाहावी. चिखलाच्या रस्त्याने वापरलेली गाडी खालून खाल्लेली असते. वरवरचा गंज घासून रंगवता येतो; पण जमिनीचा पत्रा सुटला असेल तर ती गाडी सोडून द्यावी.

२) इंजिन तापणे. ठिबकच्या नळीत क्षार साचून जशी छिद्रे बुजतात, तसेच बोअरचे पाणी घातल्याने रेडिएटरच्या नळ्या बुजतात. पंखा सुरू होतो की नाही हे गाडी दहा-पंधरा मिनिटे उभी चालू ठेवून पाहावे. तापलेली गाडी तशीच दामटली तर हेड गॅस्केट जाते, हेड वाकते आणि काम वीस-पंचवीस हजारांवर जाते. म्हणून पाण्याऐवजी कूलंट वापरावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

३) टायमिंग बेल्ट. हा पट्टा तुटण्याआधी बहुधा काही सांगत नाही. गाडी वाटेतच बंद पडते. बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे.

४) क्लच व पुढची चाके. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट झिजली. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना 'कट्-कट्' वाजले, तर पुढच्या एक्सलचा जॉइंट गेला.

५) कार्ब्युरेटर व पेट्रोलच्या नळ्या. सन २००० च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, त्यात आपले हित आहे. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. ॲव्हरेजही थोडे कमी होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, म्हणून पेट्रोल भरून गाडी महिनोन् महिने शेडमध्ये उभी ठेवू नये. जुने पाइप बदलून घ्यावेत. पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नये, कारण त्यात आगीचा धोका आहे.

६) वायरिंग. उसाच्या कडेला शेड असेल तर उंदीर वायर कुरतडतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडावे.

आता हिशेब मांडू. समजा गाडी ५०,००० रुपयांना ठरली. पुढील आकडे आमच्या अंदाजाचे आहेत. गावोगावी कमी-जास्त होतील.

क्लच, मजुरीसह – ४,०००
चार टायर – १०,०००
बॅटरी – ३,५००
टायमिंग बेल्ट – २,०००
पुढचे सस्पेन्शन – ४,०००
नोंदणी नूतनीकरण – ५,०००
एकूण – २८,५०० रुपये

म्हणजे पन्नासची गाडी साडेअठ्ठ्याहत्तर हजारांना पडली. विमा आणि पर्यावरण कर वेगळाच. सगळीच कामे एकदम निघतील असे नाही, पण पैसे बाजूला असावेत. जी कामे निघतात ती किमतीतून वळती करून मागावीत.

कागदपत्रांत कसूर नको. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारीला १०,००० आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवून घ्यावा. गाडी नावावर करण्यास फॉर्म २९ व ३० लागतात. नुसत्या स्टँपवर व्यवहार करू नये. अपघात झाला तर विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

थोडक्यात, गंजलेली आणि तापलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. बाकीचे बिघाड पैशाने निघतात. सौदा ठरण्याआधी चार-पाचशे रुपये देऊन आपल्या विश्वासाचा फिटर सोबत न्यावा. वर्षाची मेहनत उसात असते. ती फिटरच्या बिलात जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे.