स्पीकर घरी आले, आता अ‍ॅम्प्लिफायर कोणता?

प्रश्न : बरीच वर्षं पैसे साठवून यंदा मी जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घेतले. माहितीपत्रकात '86 डेसिबल, 8 ओहम, किमान 3.2 ओहम' असं लिहिलं आहे. मी मुख्यतः ख्याल, तबला आणि सरोद ऐकतो, मुलगी पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकते. दिवाणखाना 18 बाय 12 फुटांचा, खाली टाइल्स. दुकानदार म्हणतात 200 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. माझे एक ज्येष्ठ स्नेही आयुष्यभर व्हॉल्व्हवर गाणं ऐकत आले आहेत. ते म्हणतात, 20 वॅटचा व्हॉल्व्हचा घे, तसा गोडवा दुसऱ्या कशात नाही. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच आहे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : माहितीपत्रकातले तीन आकडे तुम्ही कळवलेत, हे फार बरं केलंत. बहुतेक जण '8 ओहम' एवढंच वाचून थांबतात. तुमच्या निर्णयासाठी सगळ्यात मोलाचा आकडा 3.2 आहे. पण आधी 86 कडे पाहू, कारण वॅटचा हिशेब तिथून सुरू होतो.

86 डेसिबल याचा अर्थ असा : स्पीकरला 2.83 व्होल्ट दिले, तर एक मीटरवर 86 डेसिबल आवाज मिळतो. 8 ओहमच्या रोधावर 2.83 व्होल्ट म्हणजे बरोबर 1 वॅट. तुम्ही साधारण तीन मीटरवर बसत असाल. तेवढ्या अंतरात बंद खोलीत सहाएक डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर वाजत असल्यानं तीनएक परत मिळतात. म्हणजे प्रत्येक स्पीकरला 1 वॅट दिला, तर तुमच्या खुर्चीपाशी सुमारे 83 डेसिबल पोहोचतात. हा आवाज चांगला भरघोस असतो. रोजचं गाणं सरासरी 80 डेसिबलवर ऐकलंत, तर प्रत्येक बाजूला अर्धा वॅट पुरतो.

मग 200 वॅट कशाला? कारण संगीत सरासरीवर चालत नाही. तानपुरा एका पातळीवर झंकारत असतो आणि त्याच्यावर तबल्याची थाप पडते. ती क्षणभरच असते, पण त्या क्षणी आवाज सरासरीच्या 20 डेसिबल वर जाऊ शकतो. वाद्यवृंदात पितळी वाद्यं आणि टिंपनी एकदम आली की तीच गत. डेसिबलचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे : 3 डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, 10 डेसिबलला दहापट, 20 डेसिबलला शंभरपट. म्हणून अर्ध्या वॅटवर निवांत चाललेल्या मैफलीत थापेच्या क्षणी 50 वॅट लागतात. आवाज तीनच डेसिबल वाढवलात, तर 100. याच हिशेबात आणखी एक गोष्ट कळते. 100 आणि 200 वॅटमध्ये फरक फक्त 3 डेसिबलचा, म्हणजे ऐकताना जेमतेम जाणवेल इतका. 20 आणि 200 मध्ये मात्र 10 डेसिबलचा, आणि तो कानाला साधारण दुप्पट आवाजासारखा वाटतो.

स्पीकर बदलला की हे सगळं बदलतं. पॉल क्लिप्श यांनी 1940 च्या दशकात अमेरिकेत बनवलेला 'क्लिप्शहॉर्न' एका वॅटला सुमारे 105 डेसिबल देतो. बीबीसीनं बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला चिमुकला 'एलएस 3/5ए' जेमतेम 83. दोघांकडून सारखाच आवाज काढायचा, तर दुसऱ्याला दीडशेपटींहून जास्त वॅट द्यावे लागतात. तेव्हा 'किती वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर चांगला?' या प्रश्नाला स्पीकरचं नाव कळल्याशिवाय उत्तरच नाही.

आता 3.2. स्पीकरचा रोध, म्हणजे इम्पीडन्स, हा एक स्थिर आकडा नसतो. स्वरागणिक तो वरखाली होतो. तुमच्या स्पीकरवरचे '8 ओहम' हे नाममात्र आहेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार रोध नाममात्र आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरनं 6.4 च्या खाली उतरू नये. तुमचा 3.2 पर्यंत उतरतो. खरं तर त्याच्यावर '4 ओहम' लिहायला हवं होतं. असं लिहिणारे कारखानदार पुष्कळ आहेत आणि ग्राहकानं ते सोडून देऊ नये, असं मला तळमळीनं वाटतं. या एका आकड्यापायी अनेकांच्या पैशांचा चुराडा होतो.

परिणाम काय होतो बघा. 8 ओहमला 50 वॅट देताना अ‍ॅम्प्लिफायर 20 व्होल्ट उभे करतो आणि अडीच अँपिअर प्रवाह पुरवतो. तेच 20 व्होल्ट 3.2 ओहमवर आले की प्रवाह सव्वासहा अँपिअर होतो आणि वॅट होतात 125. सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या धावतात, खरी परीक्षा घाटात होते. रोध खाली येतो ती जागा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा घाट. तिथे लागणारा प्रवाह देणारा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर आत नसतील, तर लाटेचा माथा कापला जातो आणि थाप बोथट ऐकू येते. अशा दमलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज आणखी वाढवत नेला, तर ट्वीटर जळायची भीती असते, कारण मंद्र स्वर कापले जात असतानाही तारस्वरांची शक्ती वाढतच राहते. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरनं स्पीकर जळतो ही समजूत अर्धीच खरी आहे. घरोघरी जास्त ट्वीटर जळतात ते लहान अ‍ॅम्प्लिफायर पिळून काढल्यामुळे.

याचं टोक पाहायचं, तर 1980 च्या दशकातला अमेरिकेचा 'अपोजी सिंटिला' बघावा. त्याचा रोध सुमारे 1 ओहम. अनेक नामांकित अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापुढे माना टाकत. दुसरं उदाहरण पीटर वॉकर यांचा 'क्वाड ईएसएल', 1957 सालचा. त्यात वूफर-ट्वीटर नाहीत, उच्च दाबाच्या विजेनं भारलेला पातळ पडदा हलतो. त्याचा रोध तारस्वरांकडे 2 ओहमच्या आसपास येतो. त्याला जोडायला क्वाड कंपनीचाच 15 वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता आणि तो पुरेसा होता. जास्त व्होल्ट दिले तर पडद्यापाशी ठिणगी पडून स्पीकर निकामी होई. इथे 200 वॅटचा सल्ला घातक ठरला असता.

म्हणजे तुमचे स्नेही चुकीचं सांगत नाहीत. बीबीसीच्या त्या छोट्या स्पीकरचा मूळ नाममात्र रोध 15 ओहम होता. लहान खोलीत, जवळ बसून, अशा स्पीकरवर व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर खरोखर सुंदर वाजतो. त्यांनी जो गोडवा ऐकला तो खरा आहे. तुमच्या स्पीकरवर तो तसाच येईल का, हा प्रश्न आहे. व्हॉल्व्हच्या काही अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा, बाहेर पडतानाचा रोध 2 ओहमपर्यंत असतो. तो 2 ओहम आणि तुमच्या स्पीकरचा 3.2 ओहम यांच्यात व्होल्ट वाटले जातात, आणि त्या जागी आवाज चार डेसिबलनं पडतो. स्पीकरचा रोध जिथे 20 ओहम असेल, तिथे एका डेसिबलहून कमी पडतो. म्हणजे स्पीकर घडवणाऱ्यानं जपून साधलेला समतोल तीनेक डेसिबलनं बिघडला. आलाप एका पट्टीत भरून येईल आणि दुसऱ्या पट्टीत पातळ होईल. चांगल्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा हाच रोध ओहमच्या शंभराव्या हिश्शात असतो, आणि हा फरक तिथे उरतच नाही.

यावरून कागदावरचे वॅट कसे वाचायचे ते सांगतो. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यावर छापलेले '1000 वॅट पीएमपीओ' आठवत असतील. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. अमेरिकेत अशाच अतिशयोक्तीला आळा घालायला 1974 साली सरकारी नियम करावा लागला. तुम्ही दुकानात एकच गोष्ट विचारा : दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना, 20 ते 20,000 हर्ट्झमध्ये, 8 ओहमला किती आणि 4 ओहमला किती? 8 ला 100 आणि 4 ला 180 ते 200 असं उत्तर आलं, तर आतला वीजपुरवठा दमदार आहे. 8 ला 100 आणि 4 ला 120 असेल, तर तो तुमच्या स्पीकरसाठी नाही. मागच्या पट्टीवर 'किमान 6 ओहम' असं छापलेलं असेल, तर जोडूच नका.

क्लास ए, एबी, डी या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रकारांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानात हा विषय निघेलच. क्लास ए सतत पूर्ण भरात वीज घेतो. दोन्ही बाजूंना 30 वॅट देणारा असा अ‍ॅम्प्लिफायर गाणं बंद असतानाही 200 वॅटच्या पुढे उष्णता टाकत बसतो. मे महिन्यात नागपुरात हे तुम्ही घरात आणू नये. क्लास एबी उत्तम. क्लास डी पूर्वी बदनाम होता, तो काळ गेला. ब्रुनो पुट्झेस या बेल्जियन अभियंत्याच्या 'एनकोर'सारख्या रचना मोजमापात कुठेच कमी पडत नाहीत, वजनाला हलक्या आहेत आणि कोमट राहतात.

एकदा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला पुरून उरला, की दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक लोक सांगतात त्याहून पुष्कळ लहान असतो. 1978 साली 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकासाठी जेम्स मॉयर यांनी क्वाडचा एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर न दाखवता ऐकवले. ऐकणाऱ्यांना ते ओळखता आले नाहीत. 1985 साली अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या बॉब कार्व्हर यांनी त्याहून मोठं धाडस केलं. 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या मंडळींनी व्हॉल्व्हचा एक अतिशय महागडा अ‍ॅम्प्लिफायर निवडला. कार्व्हर यांनी सांता फे इथल्या मोटेलच्या खोलीत बसून आपला स्वस्त ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याशी जुळवायला घेतला. दोघांना एकच संगीत द्यायचं, एकाच्या आवाजातून दुसऱ्याचा वजा करायचा आणि उरलेला फरक घटवत जायचा, अशी त्यांची पद्धत होती. शेवटी मासिकाच्या तरबेज कानांनाही दोन्ही वेगळे सांगता आले नाहीत. व्हॉल्व्हचा गोडवा मोजता येतो आणि तो बसवताही येतो, हे त्यातून दिसलं.

तुम्ही घरी दोन अ‍ॅम्प्लिफायर ताडून बघणार असाल, तर आधी दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा करा. 100 हर्ट्झचा स्थिर स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरनं व्होल्ट मोजा आणि एका टक्क्यात जुळवा. अर्ध्या डेसिबलनं मोठा वाजणारा नेहमीच 'अधिक खुला' वाटतो आणि तोच विकला जातो. तारेच्या बाबतीत फार विचार करू नका, 2.5 चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर चार-पाच मीटरपर्यंत पुरते.

उरली खोली. 18 फूट लांबीत 31 हर्ट्झजवळ आणि 12 फूट रुंदीत 47 हर्ट्झजवळ लाटा भिंतींमध्ये अडकून फुगतात. काही जागी हा फुगवटा 10 डेसिबलपर्यंत जातो. बायाँची घुमारी गढूळ वाटेल ती यामुळे, आणि कितीही महागडा अ‍ॅम्प्लिफायर ती निवळू शकत नाही. स्पीकर भिंतीपासून निदान अडीच-तीन फूट पुढे ओढा, खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नका. टाइल्सवर जाड सतरंजी आणि भिंतीला पुस्तकांची कपाटं असू द्या, त्यांनी वरचा कर्कशपणाही उतरेल.

माझा सल्ला स्पष्ट आहे. दुकानदारांचं म्हणणं तुमच्या स्पीकरला जास्त लागू पडतं, पण 200 वॅटची गरज नाही. 8 ओहमला 100 आणि 4 ओहमला 200 च्या जवळ जाणारा, क्लास एबी किंवा चांगल्या क्लास डीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. उरलेले पैसे खोलीवर खर्च करा. आणि दुकानदारांना सांगा, आठवडाभर घरी लावून ऐकल्याशिवाय पैसे देणार नाही. ते मान्य करत नसतील, तर दुसरं दुकान बघा.