पातळ पेजेचे गणित

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईचे दूध पुरते. वरून पाणीही पाजावे लागत नाही. धर्माबादच्या मे महिन्यातसुद्धा नाही, कारण त्या दुधात शेकडा ८७ भाग पाणीच असते. प्रश्न सुरू होतो तो उष्टावणानंतर.

‘बाळाला पचले पाहिजे’ म्हणून आपल्याकडे पेज अगदी पाण्यासारखी करतात. विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करून पाहू. सात-आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांक (किलोकॅलरी) लागतात. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम पीठ शिजवले, तर मिळतात जेमतेम १७-१८. म्हणजे २०० उष्मांकांसाठी सव्वा लिटरच्या आसपास पेज हवी! जठरात मात्र वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटरच मावते. सात किलोच्या बाळाच्या पोटात २१०. आईच्या दुधात १०० मिलिलिटरला ६५ ते ७० उष्मांक असतात, तेव्हा ही पेज दुधाचीच जागा अडवते. पोट भरते, बाळ तोंड फिरवते, घरच्यांना वाटते जेवले. वजन तेवढे वाढत नाही.

मग पीठ चौपट का घालू नये? घातले तर गोळा होतो. साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, एकमेकांना खेटतात आणि द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, भलतीच वाढते. येथे त्रैराशिक चालत नाही.

तोड मोडांत आहे. मोड आलेल्या गव्हात अमायलेज हे विकर असते. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते व अडकलेले पाणी मोकळे होते. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अशा पिठाचा अभ्यास केला.

शाळेत करून पाहा. मोड आलेला गहू वाळवून, अगदी मंद आचेवर भाजून दळा. कडक भाजला तर विकर नष्ट होते. २० ग्रॅम ज्वारीचे साधे पीठ १०० मिलिलिटर पाण्यात शिजवा. ६५ अंशांपर्यंत निवले की मोडाचे पीठ चमचाभर मिसळा. काही मिनिटांत घट्ट गोळा पळीतून वाहू लागेल. मोड गव्हालाच आणावेत, ज्वारीला नको. ज्वारीच्या कोंबांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात ती त्यामुळेच.

बाळासाठी करताना ही पेज पुन्हा एक उकळी आणून, कोमट करून भरवावी. तीत ५ ग्रॅम तेल घातले तर ४५ उष्मांक वाढतात. आता २१० मिलिलिटरच्या पोटात एका वेळी किती उष्मांक जातील, ते काढून पाहा.