कचेरीचे खाते आणि घरचे बोलणे

सांगलीच्या हळदपेठेत एखाद्या अडत दुकानाच्या पत्त्यावर दिवाणजींना घरचे पत्र आले, तर शेठजींनी ते फोडून वाचावे काय? ‘पत्ता माझा, म्हणून पत्र माझे’ हा युक्तिवाद कोणालाही पटणार नाही. परंतु त्याच दुकानाने दिलेल्या चॅट खात्यावर दिवाणजी पत्नीशी चार शब्द बोलले, की आपले उत्तर डळमळू लागते. सातारा-सांगलीकडच्या बँकांत व कारखान्यांत उद्या नोकरीस लागणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका नाही.

त्याची बारकाईने चिकित्सा झाली ती रुमानियातील बर्बुलेस्कू खटल्यात. या गृहस्थांनी मालकाच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरवर खाते उघडले होते. जुलै २००७ मध्ये मालकाने त्यावर पाळत ठेवली. ‘मी कामाचेच बोललो’ असे त्यांनी लिहून देताच ४५ पानांचा उतारा पुढे आला. त्यात भावाशी व वाग्दत्त वधूशी झालेले अगदी नाजूक बोलणेही होते! नोकरी गेली. २०१६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मालकाची बाजू उचलून धरली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी उलट निर्णय दिला. खासगी वापरास बंदी आहे, हे बर्बुलेस्कूंना ठाऊक होते. पण ‘वापरू नका’ असे बजावणे निराळे आणि ‘तुम्ही लिहिलेले आम्ही वाचणार’ असे आधी कळविणे निराळे. पाळत कशासाठी, किती, आणि मजकूर न वाचता भागले असते काय, हेही तेथील न्यायालयांनी नीट तपासले नव्हते. पाळत सरसकट निषिद्ध मात्र ठरविलेली नाही. आणि ते योग्यच, कारण ग्राहकांची माहिती बाहेर फुटली तर जबाबदारी पेढीवर येते.

आपल्याकडे मुंबईतील मलकानी खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने लाचलुचपत खात्याने केलेले टेलिफोन संभाषणाचे ध्वनिमुद्रण पुराव्यात ग्राह्य धरले. त्याचा एक आधार असा की, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची त्यास संमती होती. चोरून वाचलेल्या चॅटमध्ये दोघांपैकी एकालाही पत्ता नसतो. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतो, खासगी मालकापुढे तो तितका सरळ चालत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर नोकरीच्या कामासाठी व मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची तरतूद आहे. पलीकडून बोलणाऱ्याचा त्या कलमात वेगळा उल्लेख नाही.

माझ्या मते अडचण नेमकी येथेच आहे. दिवाणजींनी निदान नेमणूकपत्रावर सही केलेली असते. मुलाच्या तापाविषयी लिहिणारी त्यांची पत्नी त्या पेढीची नोकर नाही, आणि तिला कोणी काही विचारलेलेही नाही.