पहिल्याच वर्षी ट्रक करारावर घ्यावा का?

बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा, अंजूर, माणकोलीची गोदामं लागतात. इथल्या ट्रान्सपोर्टमध्ये लागलेल्या नव्या चालकाला मालक कधीतरी विचारतो, ‘‘पगारावर किती दिवस राहणार? गाडी करारावर घे. महिन्याचे ठरलेले मला दे, वरचे तुझे.’’ माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी घेऊ नये. घ्यायचीच असेल, तर सही करण्याआधी पुढचं वाचावं.

काय करावे

• एक पूर्ण पावसाळा पगारावर काढावा. घोडबंदरचा गायमुख घाट, कापूरबावडीची कोंडी, ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळी असलेली प्रवेशबंदी आणि गोदामाबाहेरची रांग, या सगळ्यात गाडी उभी राहते. पगारी चालकाची गाडी थांबली तर तोटा मालकाचा असतो, करारावरच्या चालकाचा तोटा त्याचा स्वतःचा. करार महिन्याला 45,000चा असेल, तर उभ्या गाडीचे रोज 1,500 रुपये जातात. माल उतरायला तीन दिवस लागले की 4,500 गेले, आणि डिझेल, जेवण, क्लीनरचा भत्ता त्याच्यावर.

• आता चालवत आहात त्याच गाडीची वही ठेवावी. किलोमीटर, डिझेल, टोल, वाराई, थांबलेले तास, परतीचं भाडं मिळालं की रिकामं यावं लागलं, हे रोज लिहावं. ऑक्टोबर 2024पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, ट्रकला नाही. तो खर्चही वहीत यावा. तीन महिन्यांची वही कोणत्याही शेठच्या तोंडी हिशेबापेक्षा खरी असते.

• गाडीचे कागद स्वतः तपासावेत. फिटनेस, परमिट, विमा, कर, थकलेली ई-चलानं, आणि आरसीवर कर्जाचा बोजा. गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. बोजा असेल, तर मालकानं बँकेचा हप्ता थकवल्यावर गाडी उचलली जाईल, तुम्ही कराराचे पैसे वेळेवर दिलेले असले तरी. म्हणून फायनान्स कंपनीची लेखी संमती मागावी.

• विम्याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न विचारावेत, कारण फसगत इथेच होते. मालक-चालकासाठीचं 15 लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकासाठी असतं. पगारी चालकाची जबाबदारी पॉलिसीत वेगळी धरली जाते. करारावर गाडी घेणारा या दोन्हींच्या मधल्या फटीत पडू शकतो. मोटार वाहन कायदा, 1988च्या व्याख्येत लीजवरच्या गाडीचा मालक म्हणजे करारानं ती ज्याच्या ताब्यात आहे तो. निंगम्मा खटल्यात 2009 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्या जागी येतो, आणि त्याच्या वारसांना तेव्हाच्या कलम 163-अखाली भरपाई मागता येत नाही. ते प्रकरण दुचाकीचं होतं, पण ट्रक चालवणाऱ्याच्या बायकामुलांनाही हा प्रश्न पडू शकतो. तुमचा स्वतंत्र अपघात विमा हातात आल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

• करारात लिहून घ्यावं: इंजिन आणि गिअरबॉक्स बिघडला तर खर्च कोणाचा, महिन्याला किमान किती फेऱ्या मिळणार, काम नसेल तेव्हा दुसऱ्याचा माल उचलता येईल का, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत. पहिल्या दिवशीच सगळ्या टायरचे फोटो काढून ठेवावेत.

काय टाळावे

• ‘‘तीन वर्षांनी गाडी तुझीच’’ या शब्दावर हप्ते भरू नयेत. गाडी नावावर व्हायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, बोजा उतरवायला फॉर्म 35. हे करारात नसेल, तर तुम्ही फक्त भाडं भरत आहात.

• डिपॉझिटसाठी बायकोचे दागिने गहाण टाकू नयेत. गावची जमीन तर नाहीच.

• कोरे चेक, कोऱ्या कागदावर सह्या: कधीच नाही.

• हप्ता भागवायला जादा माल भरू नये. 2019च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000. एक फेरी पकडली गेली तर महिन्याची कमाई त्यातच संपते. माल भरणारा शेठ दंडाच्या वेळी फोन उचलेलच असं नाही.

• झोप मोडून फेरी मारू नये. चालकांसाठी 1961च्या कायद्यानं दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आखली, ती उगाच नाही. कसारा घाटात पहाटे तीनला डोळा लागला, तर मरणारे तुम्ही एकटे नसता.

• पीएफ आणि ईएसआय मिळत असेल, तर सोडण्याआधी त्याची किंमत मांडावी. मालक महिन्याला जो वाटा भरतो, तो करारावर गेल्यावर तुमच्याच खिशातून जाणार. हे पैसे ‘वरचे तुझे’ या आकड्यातून आधी वजा करावेत.

• सही त्याच बैठकीत करू नये. कराराची प्रत मागून घरी न्यावी, आणि बाळकुम-भिवंडीकडे करारावर गाडी चालवून सोडून दिलेल्या एखाद्या जुन्या चालकाला दाखवावी. मालक प्रत द्यायला तयार नसेल, तर दुसऱ्या दिवशी पगारावरच ड्युटीला जावं.